'गिअरबॉक्स गेला' म्हणण्याआधी : जुन्या ऑटोमॅटिक गाडीची कंट्रोल सिस्टिम कशी तपासायची

सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी झटके मारायला लागली, तिसऱ्या गिअरमध्येच अडकून बसली किंवा 'डी' टाकूनही जागची हलेना, की निदान ठरलेलं असतं: गिअरबॉक्स गेला. मग गिअरबॉक्स उतरवायचं बोलणं सुरू होतं आणि आकडा लाखाच्या घरात जातो. पण गिअरचे दात, शाफ्ट आणि क्लच प्लेटा हा एक भाग झाला; कोणता गिअर कधी आणि किती दाबाने टाकायचा हे ठरवणारा भाग वेगळा. हा दुसरा भाग बिघडला, तरी गाडी अगदी पहिला बिघडल्यासारखीच वागते. म्हणून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे हवा: बॅटरी, अर्थ (बॉडीला जोडलेली वजा वायर), फ्यूज, कपलर (वायरी जोडणारे प्लग), सेन्सर, तेल, सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारी-मिटणारी विजेची झडप), टीसीएम (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) आणि सगळ्यात शेवटी गिअरबॉक्स. साताऱ्या-सांगलीतला कोणताही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर आणि बरा स्कॅनर घेऊन हा क्रम पाळू शकतो. गाडी पुण्याला नेण्याची वेळ त्यानंतर येते.

आधी ऑटोमॅटिक कोणत्या जातीचा, ते ओळखा

'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं आपल्याकडच्या जुन्या बाजारात फिरतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की नुकसान होतं.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला अ‍ॅक्च्युएटर (हुकमावर हलणारं यंत्र) बसवलेला. मारुतीचा एजीएस (२०१४ च्या सेलेरिओपासून), टियागो, नेक्सॉन, क्विड, निऑस या त्यातल्या. लिव्हरवर 'पी' (पार्किंग) नसेल तर बहुतेक वेळा एएमटी समजा. टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा) जुना, दणकट प्रकार: इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, क्रेटा डिझेल, सियाज आणि जुन्या अर्टिगाचा चार गिअरचा. सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुल्या आणि पोलादी पट्टा असतो: २०१४ नंतरची सिटी, जॅझ, मायक्रा, सनी, २०१६ नंतरची अमेझ, आणि २०२२ च्या आधीच्या बलेनोचं सीव्हीटी मॉडेल. चौथा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा: पोलो जीटी टीएसआय, व्हेंटो आणि रॅपिडचा सात गिअरचा डीएसजी, सुरुवातीच्या इकोस्पोर्ट पेट्रोल ऑटोमॅटिकचा, फिगो-अ‍ॅस्पायर ऑटोमॅटिकचा, व्हेन्यू टर्बोचा.

चौघांतही हुकूम देणारी यंत्रणा सारख्याच धर्तीची असते. टीसीएम हा तिचा मेंदू. त्याला इनपुट शाफ्ट आणि आउटपुट शाफ्टचे स्पीड सेन्सर, लिव्हर कुठे आहे ते सांगणारा रेंज सेन्सर, तेलाच्या तापमानाचा सेन्सर, ब्रेकचा स्विच आणि इंजिनच्या ईसीयूकडून (इंजिनच्या कॉम्प्युटरकडून) कॅन लाइनवरून (या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या दोन वायरींवरून) येणारी माहिती लागते. त्यावरून तो सोलेनॉइड उघडतो-मिटतो, तेलाचा दाब इकडून तिकडे वळवतो किंवा मोटर फिरवतो. यातली एक जरी माहिती चुकीची आली, तरी टीसीएम यंत्र वाचवण्यासाठी गाडी एका ठरावीक गिअरमध्ये अडकवून ठेवतो. यालाच लिंप मोड म्हणतात. म्हणजे लिंप मोड हा संरक्षणाचा उपाय आहे. तेवढ्यावरून गिअरबॉक्स मेला असं ठरत नाही.

गाडी घेताना: गाडी गार, ट्रायल लांब

ट्रायलच्या दिवशी बॉनेटवर हात ठेवा. इंजिन आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. गार असताना दिसणारे दोष (उशिरा लागणारा गिअर, पहिला झटका) गरम गाडीत लपतात, आणि गरम झाल्यावर दिसणारे दोष गावातल्या दोन किलोमीटरच्या फेरीत दिसत नाहीत. दोन्ही बघायचे आहेत.

चावी 'ऑन' करा, स्टार्ट करू नका. चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. लागलाच नाही तर तो दिवा कुणीतरी बंद केलाय असं धरा. एएमटी असेल तर ड्रायव्हरचं दार उघडल्यावर किंवा चावी फिरवल्यावर पंपाची बारीक घरघर ऐका. ती काही सेकंदांत थांबायला हवी. गाडी उभी, गिअर बदलत नाही, तरी पंप सारखा सारखा सुरू होत असेल तर अ‍ॅक्युम्युलेटरमधला (दाब साठवणाऱ्या छोट्या टाकीतला) गॅस उतरलाय किंवा दाब कुठेतरी गळतोय. तो पंप रिले (त्याला वीज देणारा स्विच) जाळतो, मग स्वतः जळतो.

आता ब्रेक दाबून स्टार्ट करा. पी, आर, एन, डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) असं एकेका जागी लिव्हर न्या आणि प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद थांबा. डॅशबोर्डवर दिसणारं अक्षर आणि लिव्हरची जागा तंतोतंत जुळायला हवी. 'आर'ला मागचा दिवा लागायला हवा. टॉर्क कन्व्हर्टर गाडीत गिअर साधारण एक-दीड सेकंदात लागतो. दोन सेकंदांच्या वर गेला किंवा धाडकन लागला, तर नोंद करा. गाडी 'आर' किंवा 'डी'मध्ये स्टार्ट होत असेल तर रेंज सेन्सर किंवा लिव्हरची केबल बिघडलीय, आणि हा धोका लगेच दुरुस्त करण्यासारखा आहे.

रस्त्यावर आधी दहा ते वीसच्या वेगाने गर्दीत चालवा. ड्युअल क्लच आणि एएमटीची थरथर इथेच कळते. मग चाळीस ते साठच्या दरम्यान अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून चालवा. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप (त्याला थेट जोडणारा आतला क्लच) याच पट्ट्यात खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखा थरथरतो. त्यानंतर चढ. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट उत्तम: चढावर मध्येच थांबा, ब्रेक धरून उभे राहा, परत निघा. सांगली-मिरजेकडे दंडोबाचा चढ पुरतो, नाहीतर रेल्वेच्या पुलाचा चढ दोन-तीनदा चढून-थांबून बघा. गाडी चांगली तापल्यावर एसी लावून दहा मिनिटं जागेवर उभी करा आणि पुन्हा पी-आर-एन-डी करा. टीसीएममधले तडकलेले टाके आणि गरम झाल्यावर तुटणारी वायर याच वेळी पकडली जाते. मे महिन्यात जत-आटपाडीकडे दुपारी ट्रायल घेता आली, तर त्याहून चांगली परीक्षा नाही.

स्कॅनर ट्रायलच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा लावा. बाजारातली स्वस्त ब्लूटूथ डोंगल (डॅशबोर्डखालच्या ओबीडी, म्हणजे निदानाच्या पोर्टमध्ये खुपसायची) बहुतेक फक्त इंजिनचे कोड (साठवलेले बिघाडाचे क्रमांक) वाचतात, टीसीएमपर्यंत पोहोचत नाहीत. त्या कंपनीच्या टीसीएममध्ये शिरणारा स्कॅनर हवा. तरी डोंगलचाही एक मोठा उपयोग आहे. 'कोड खोडल्यापासून किती किलोमीटर' आणि 'किती वॉर्म-अप झाले' हे दोन आकडे साध्या ओबीडी अ‍ॅपमध्ये दिसतात. ८० हजार चाललेली गाडी आणि कोड खोडून फक्त १२ किलोमीटर झालेत, असं दिसलं तर कोड नुकतेच पुसलेत. रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या यंत्रणेच्या घेते त्या तपासण्या) 'अपूर्ण' दिसले तरी संशय तोच. अशा गाडीचा सौदा तिथल्या तिथे करू नका. आठ-दहा दिवस चालवून परत स्कॅन करू द्यायची अट घाला.

पुराची गाडी

सांगलीत हा विषय टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या दोन्ही वेळी पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या असण्याची शक्यता कायम गृहीत धरायची. उलट दिशेनेही गाड्या येतात: मुंबई, कोकण, कोल्हापूरकडची बुडालेली गाडी आपल्याकडे एमएच-१०, एमएच-११ किंवा एमएच-५० ची होऊन फिरू शकते.

ऑटोमॅटिकला पूर जास्त का बाधतो? अनेक गाड्यांत टीसीएम किंवा त्याचे कपलर डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला किंवा बॅटरीखाली असतात. पाणी उतरतं, पण कपलरच्या आत गाळाची ओल राहते, पिनांवर हिरवट थर चढतो आणि रोग दीड-दोन वर्षांनी वर येतो. गिअरबॉक्सला हवा येण्या-जाण्यासाठी ब्रीदर असतो; गरम गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की तो त्या वाटेने पाणी ओढतो. तेल मग दुधी चहासारखं होतं आणि क्लच प्लेटांचं अस्तर सुटायला लागतं.

शोधायचं असं: सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाच्या भागावर गाळाची रेघ दिसते. सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट, ओबीडी पोर्टच्या पिना, पुढच्या सीटखालचे कपलर आणि स्टेपनीचा खड्डा टॉर्चने बघा. जुन्या गाडीत एकाच ठिकाणी गंज असेल तर चालतं. सगळीकडे एकाच उंचीपर्यंत गंज असेल तर पाणी तिथवर आलं होतं. विकणाऱ्याला विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास आणायला सांगा. विकणारा द्यायला कचरला, तर तेही उत्तरच आहे.

बिघाड शोधताना: वीज आधी

टीसीएमला कमी व्होल्टेज सहन होत नाही. सोलेनॉइडला पुरेसा करंट मिळाला नाही की दाब चुकतो, दाब चुकला की गिअर घसरतो, आणि स्कॅनरवर 'गिअर रेशो चुकीचा' असा कोड येतो. वाचणाऱ्याला वाटतं क्लच प्लेटा गेल्या. प्रत्यक्षात बॅटरी पाच वर्षांची असते.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांचा अल्टरनेटर ईसीयूच्या हुकमाने कमी-जास्त होतो, तिथे हेडलाइट आणि एसी लावून मोजा.

यानंतर अर्थ, आणि इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त चुकीची निदानं इथूनच होतात. गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये जाळीची किंवा जाड काळी वायर असते. ती वरून चांगली दिसते, आतून कुजलेली असते. ओहममध्ये मोजून उपयोग नाही. एक धागा शिल्लक असला तरी मीटर शून्य दाखवतो. व्होल्टेज ड्रॉप मोजा: मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या वजा खुंटावर (वायरच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटावर), दुसरं गिअरबॉक्सच्या स्वच्छ धातूवर, आणि दुसऱ्या माणसाने स्टार्टर मारायचा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ दिसले तर अर्थ खराब. बोल्ट काढून, जागा घासून, नवी वायर लावून पुन्हा मोजा. ही दुरुस्ती काहीशे रुपयांची आहे.

फ्यूज डोळ्यांनी बघून सोडू नका. चावी ऑन ठेवून फ्यूजच्या दोन्ही टोकांवर बॉडीच्या सापेक्ष व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे सारखं यायला हवं. रिले संशयास्पद असेल तर त्याच डब्यातला त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघा.

ब्रेक स्विच छोटी गोष्ट, त्रास मोठा. 'पी'मधून लिव्हर निघत नाही किंवा एएमटी स्टार्टच होत नाही, अशा वेळी आधी मागे जाऊन ब्रेकचा लाल दिवा लागतो का बघा. बऱ्याच स्विचमध्ये दोन संपर्क असतात. दिवा लागतो पण टीसीएमकडे जाणारा संपर्क तुटलेला असतो, म्हणून स्कॅनरवर लाइव्ह डेटात (त्या क्षणाच्या चालू आकड्यांत) 'ब्रेक चालू/बंद' बदलतं का तेही पाहा. अडकलेल्या लिव्हरसाठी अनेक गाड्यांत त्याच्या शेजारी छोट्या झाकणाखाली शिफ्ट लॉक सोडवायची खाच असते. ती रस्त्यावरून गाडी हलवण्यापुरती वापरा.

बाहेरून लावलेलं सगळं सामान संशयाच्या यादीत घ्या: जास्तीचे एलईडी, मोठा हॉर्न, अ‍ॅम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक. रिव्हर्सच्या वायरला दातऱ्या क्लिपने टॅप मारलेला असेल तर तो काढून तपासणी करा.

कपलर, उंदीर आणि वॉशिंगचं पाणी

उसाच्या फडालगत किंवा गोठ्याशेजारी गाडी उभी राहत असेल तर हार्नेस (वायरींचा जुडगा) आधी उंदरांसाठी तपासा. तोडणी झाली, फड मोकळा झाला, की उंदीर आसरा शोधत बॉनेटखाली येतात. बॅटरी ट्रेच्या खालचा आणि गिअरबॉक्सच्या वरचा हार्नेस आरसा घेऊन बघा. कुरतडलेली वायर पीळ मारून आणि टेप गुंडाळून जोडू नका. सोल्डर किंवा क्रिंप करून गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवा. स्पीड सेन्सर आणि कॅनच्या पिळलेल्या वायरी जोडतानाही पीळ तसाच ठेवा, नाहीतर सिग्नलमध्ये गोंधळ येतो.

दुसरं कारण प्रेशर वॉशिंग. इंजिन रूममध्ये जोराचं पाणी मारलं, दोन दिवसांनी गाडी लिंप मोडमध्ये गेली, ऊन पडल्यावर बरी झाली: ही पाण्याची सही आहे. बॅटरीचं टोक काढा, गिअरबॉक्सवरचा मोठा कपलर उघडा. पिना हिरवट असतील, रबरी सील दबलं असेल किंवा आत तेल झिरपलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या. पेट्रोल-डिझेलने धुऊ नका. प्लास्टिक आणि सील फुगतात. पिना सॅंडपेपरने घासू नका, वरचा मुलामा जातो आणि पुन्हा लवकर गंजते. बसवल्यावर कपलरचा क्लिक आवाज यायला हवा.

आता स्कॅनर लाइव्ह डेटावर ठेवून इंजिन चालू करा आणि हार्नेस जागोजागी हलवा. आकडा उडाला की तिथे तोड आहे. ही साधी परीक्षा नवीन टीसीएमची खरेदी वाचवते.

कोड काय सांगतो

कोड म्हणजे पत्ता. आरोपी त्या पत्त्यावर राहतोच असं नाही. पी०७०० एवढंच सांगतो की टीसीएमकडे काहीतरी नोंद आहे, म्हणून टीसीएममध्ये शिरून पुढचा कोड वाचा. पी०७०५ रेंज सेन्सरचा. लिव्हरची केबल सैल असली तरी तो येतो, म्हणून आधी केबलचं अ‍ॅडजस्टमेंट बघा. पी०७१५ इनपुट स्पीडचा, पी०७२० आउटपुट स्पीडचा. पी०७१० तेलाच्या तापमानाचा. पी०७३० म्हणजे गिअर रेशो जुळत नाही: तेल कमी, दाब कमी किंवा खरोखर घसरण. पी०७४० आणि पी०७४१ कन्व्हर्टरच्या लॉकअपचे. पी०७५०, पी०७५५, पी०७६० शिफ्ट सोलेनॉइडचे. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, आणि हा कोड बाकीच्यांबरोबर दिसला तर बाकीचे बाजूला ठेवून बॅटरीकडे परत जा. यू०१०० आणि यू०१०१ म्हणजे इंजिन ईसीयू किंवा टीसीएमशी बोलणं तुटलं.

यू कोड आले तर बॅटरीचं टोक काढून ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास येतो. १२० आला तर एका बाजूचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रोधक) किंवा वायर तुटलीय. शून्याजवळ आला तर दोन्ही कॅन वायरी एकमेकींना चिकटल्यात. त्याच पोर्टवर १६ नंबरला बॅटरीचे व्होल्ट आणि ४ व ५ ला अर्थ मिळायला हवा.

स्पीड सेन्सर दोन वायरचा असेल तर रोध काहीशे ओहमपासून दोनेक हजार ओहमच्या पट्ट्यात असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. तीन वायरच्या हॉल सेन्सरचा रोध मोजून काही कळत नाही. त्याला सप्लाय, अर्थ आणि चाक फिरवल्यावर बदलणारा सिग्नल आहे का ते बघा. सेन्सर काढल्यावर टोकाला लोखंडाचा काळा कीस चिकटलेला असतो. थोडा चालतो, पुसा, बसवा, पुन्हा चालवून बघा. चकचकीत तुकडे असतील तर आत झीज सुरू आहे.

तेल

कोणत्याही सोलेनॉइडवर खर्च करण्याआधी तेलाची पातळी आणि अवस्था बघा. चुकीचं तेल हे आपल्याकडचं फार मोठं दुखणं आहे. 'एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) टाकलंय' हे उत्तर पुरेसं नाही, कोणतं ते विचारा. क्रिस्टाला टोयोटाचं डब्ल्यूएस, सिटीच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, मायक्रा-सनीला निसानचं एनएस मालिकेतलं, ह्युंदाईच्या सहा गिअरला एसपी-४. सीव्हीटीत साधं एटीएफ गेलं तर पट्टा पुलीवर घसरतो आणि पुलीवर ओरखडे पडतात; तेव्हा सगळंच बदलावं लागतं.

डिपस्टिक नसलेल्या गाडीत पातळी ओव्हरफ्लो प्लगने बघतात, आणि ती ठरावीक तापमानालाच खरी असते: गाडीगणिक साधारण ३५ ते ४५ अंश. स्कॅनरवर तापमान बघत, इंजिन चालू ठेवून, गाडी समतल जागेवर हवी. गरम तेलावर प्लग उघडला तर तेल वाजवीपेक्षा जास्त वाहून जातं आणि पातळी कमी राहते. तपकिरी रंग म्हणजे बदलायची वेळ. काळं आणि जळका वास म्हणजे प्लेटा जळाल्यात. दुधी म्हणजे पाणी किंवा रेडिएटरमधलं कूलंट मिसळलंय. पॅन (तळाचं तेलाचं भांडं) उतरवला तर आतल्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा थर असणं स्वाभाविक आहे, तुकडे नाहीत. सीव्हीटीचं तेल ४० हजार किलोमीटरच्या आसपास बदलावं हे आमचं ठाम मत. खंबाटकी, पसरणी, केळघर असे घाट नेहमीचे असतील तर नक्कीच.

सोलेनॉइड, मेकाट्रॉनिक, टीसीएम

ऑन-ऑफ प्रकारच्या सोलेनॉइडचा रोध बऱ्याच गाड्यांत १० ते ३० ओहम, दाब नियंत्रित करणाऱ्या लिनियर सोलेनॉइडचा ३ ते १० ओहमच्या दरम्यान असतो. एकाच गाडीतले सारखे सोलेनॉइड एकमेकांशी ताडून बघा. वेगळा पडणारा पकडा. ऑन-ऑफ सोलेनॉइडला क्षणभर १२ व्होल्ट देऊन टिक आवाज ऐकता येतो. लिनियरला थेट बॅटरी लावू नका, आतली गुंडाळी जळते. रोध बरोबर असूनही सोलेनॉइड काळ्या तेलाने आत अडकलेला असू शकतो, हे लक्षात ठेवा.

सात गिअरच्या कोरड्या डीएसजीत टीसीएम, सोलेनॉइड आणि पंप मिळून एकच मेकाट्रॉनिक युनिट असतं. त्याचं हायड्रॉलिक तेल वेगळं, जेमतेम लिटरभर. अ‍ॅक्युम्युलेटर बसतो तिथलं अ‍ॅल्युमिनियम तडकतं, तेल गळतं, पंप दाब भरण्यासाठी थांबतच नाही आणि पी१७बीएफ किंवा पी१८९सी येतो. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभर या गिअरबॉक्सच्या गाड्या परत बोलावून सिंथेटिकऐवजी मिनरल तेल घातलं होतं, म्हणून त्याआधीची गाडी घेत असाल तर ते काम झाल्याची नोंद मागा. तडकलेल्या घरासाठी दुरुस्तीचं हाउसिंग मिळतं. पूर्ण युनिट बदलण्याआधी ते करणारा कारागीर शोधा.

फोर्डच्या ड्युअल क्लचमध्ये गाडी मध्येच गिअर सोडते, कधी स्टार्टच होत नाही, गार झाली की चालू होते. हा टीसीएमचा ओळखीचा आजार आहे. थरथर मात्र बऱ्याचदा इनपुट शाफ्टच्या सीलमधून क्लचवर आलेल्या तेलाची असते. ती टीसीएम बदलून जात नाही. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अशी गाडी घेताना टीसीएम मिळतो का हे आधी विचारा, भाव नंतर.

जुन्या बाजारातला टीसीएम 'लावून बघू' म्हणून लावू नका. अनेक गाड्यांत तो चेसिस नंबरशी जुळवावा लागतो. काही ठिकाणी जुळला नाही तर गाडी हलतच नाही. टीसीएम बदलायचा निर्णय घेण्याआधी त्याच्या कपलरवर सप्लाय, अर्थ (ड्रॉप मोजून) आणि कॅन हे तीनही बरोबर आहेत, हे मेकॅनिककडून आकड्यांसह लिहून घ्या.

दुरुस्तीनंतर

क्लच, अ‍ॅक्च्युएटर, मेकाट्रॉनिक किंवा टीसीएम बदलला की स्कॅनरने लर्निंग करावंच लागतं. एएमटीत क्लच कुठे धरतो तो बिंदू टीसीएमला नव्याने शिकवायचा असतो. तो शिकवला नाही तर नवीन क्लचही झटके मारतो आणि लवकर जळतो. डीएसजीत याला बेसिक सेटिंग म्हणतात. नुसती बॅटरी बदलली तरी काही गाड्या पहिले ३०-४० किलोमीटर थोड्या खडबडीत चालतात, ते सावरतं. त्यानंतरही झटके राहिले तर पुन्हा स्कॅन करा.

एएमटी आणि कोरड्या ड्युअल क्लचच्या गाड्या चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक किंवा हँडब्रेक लावा. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग निघा. दर फुटाला सरकवलं की क्लच तापतो आणि टीसीएम गाडी थांबवतो. घाट उतरताना न्यूट्रल करू नका, मॅन्युअल मोडने खालचा गिअर धरा.

रस्त्यात गाडी लिंप मोडमध्ये गेली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा स्टार्ट करा. चालू झाली तर कमी वेगाने गॅरेज गाठा, कोड कुणाला पुसू देऊ नका. तापमान, वेग आणि व्होल्टेजची नोंद त्याच कोडबरोबर साठवलेली असते. नाहीच चालली तर चालणारी चाकं (इंजिन ज्यांना फिरवतं ती) जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग तेलाविना घासतात. फ्लॅटबेड मागवा, तो मिळेपर्यंत चालणारी चाकं उचलून नेणारी क्रेनही चालेल, पण चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला फ्लॅटबेडच लागतो.